आमचा पगार वर्षातून दोनदा होतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या पैशाच्या नियोजनावर लेख येतात, ते मी कापून ठेवते. मागच्या महिन्यातल्या लेखात लिहिलं होतं की पगार झाल्याबरोबर वीस टक्के बाजूला काढा, सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा आणि मग एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला महिन्याचा हप्ता, सुरू करा. आमच्या यांना वाचून दाखवला. ते ओसरीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. म्हणाले, "आपला पगार कोन्त्या तारखेले होते, थे विचार त्याईले." विचारतेच आहे, म्हणून हे पत्र.

आम्ही समुद्रपूर तालुक्यातले. साडेपाच एकर कोरडवाहू वावर. तीन एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, तिच्यातच तुरीचे तास, बाकीच्यात सोयाबीन. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, कापसाचा चुकारा डिसेंबर-जानेवारीत. तूर निघाली की थोडे आणखी. त्यानंतर पुढच्या दिवाळीपर्यंत वावर फक्त मागत राहतं. मधल्या काळात किसान सन्मान आणि नमो शेतकरी योजनेचे दोन-दोन हजार, लाडक्या बहिणीचे १,५०० आणि माझ्या शिलाई मशीनचे जे काय होतील ते. पाच तारखेला वीस टक्के काढायचे, पण कशातून?

मी गावातल्या एका बचत गटाचा हिशेब अकरा वर्षं लिहिते. बाराजणींचा गट, महिन्याला शंभर रुपये. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेब ही पंचसूत्री मला झोपेतही म्हणता येईल. एखादीचे दहा रुपये कमी भरले तर मी बैठक उठू देत नाही. आणि या अकरा वर्षांत माझ्याच घरावर देणं किती आहे असं कोणी विचारलं असतं तर मला आकडा सांगता आला नसता. गटाचे अधिकारी येऊन माझ्या वहीचं कौतुक करून जायचे आणि मी घरी येऊन दाळीच्या डब्यात हात घालून अंदाज घ्यायची.

मागच्या पाडव्याला सुरुवात केली. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, म्हणून तोच दिवस धरला. पोरीच्या सहावीच्या वहीची मागची पानं कोरी होती. पहिल्या पानावर चार रकाने आखले: कोणाचं, किती, कधी द्यायचं, शेकडा किती. बचतीचं पान मुद्दाम घातलं नाही, कारण लिहायला फारसं काही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "लिहून काय होते बाई, पैसा का वाढते?" नाही वाढत. पण ते पान भरायला तीन दिवस लागले, यावरून काय ते समजा.

पहिल्या दिवशी बँकेचं थकीत पीककर्ज आणि कृषी केंद्राची बाकी लिहिली. दुसऱ्या दिवशी गटातून मी उचललेले दहा हजार. तिसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आखीन एक हाय." पोरीला डेंग्यू झाला होता तेव्हा त्यांनी एका दोस्ताकडून आठ हजार घेतले होते. दोन वर्षं झाली होती. तो मागत नव्हता आणि हे त्याच्या घरावरून जायचं टाळत होते. मी सकाळी ते लिहिलं. मग माझंही लिहावं लागलं. दाळीच्या डब्यात ६,२०० रुपये होते, ते यांना माहीत नव्हते. त्यातले पाच हजार त्याच दिवशी दोस्ताच्या घरी गेले. आपल्या लेखात नवरा-बायकोनं एकत्र बसून उद्दिष्टं ठरवावीत असं लिहिलेलं असतं. आमच्या घरी उद्दिष्टांच्या आधी लपवलेले आकडे बाहेर यावे लागले.

चौथ्या रकान्याबद्दल थोडं लांबण लावते. "बँक सात टक्के घेते, सावकार तर तीनच घेते," असं चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून मी ऐकलं आहे. बँकेचे सात टक्के वर्षाचे असतात, त्याचे तीन टक्के महिन्याचे. वर्षाचे छत्तीस झाले. जुने लोक सवाई, दिडी म्हणायचे. हंगामाला शंभराचे सव्वाशे किंवा दीडशे, त्यात निदान नावातच दर कळायचा. आता तो 'फक्त तीन' म्हणून खपतो. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून वर्षाला तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आम्ही ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे परवाना नव्हता, हे सांगायला नको. मीच त्याच्या दारात गेले होते, हेही सांगायला हवं.

कृषी केंद्राची उधारी तर व्याज वाटतच नाही, कारण तिथे शेकडा कोणी बोलत नाही. रोखीत ९०० ला मिळणारं फवारणीचं औषध आम्ही उधारीत १,०५० ला नेत होतो. जुलैत न्यायचं, डिसेंबरात द्यायचे. पाच महिन्यांत नऊशेवर दीडशे. महिन्याला शेकडा तीनच्या वर, म्हणजे वर्षाला चाळीस. गटाच्या वहीत हा हिशेब मी एका मिनिटात केला असता. घरच्या वेळी सुचलाच नाही.

आता थकीत कर्जाचं. याच्यावर गावात माझ्याशी लोक भांडतात, तरी लिहिते. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्तीत आमचं जुनं कर्ज माफ झालं होतं. तो आधार खरा होता, बोंडअळीनं घर बुडवलं होतं. पुढे २०२३ च्या जूनमध्ये ९०,००० चं पीककर्ज घेतलं. त्या साली सोयाबीन पिवळं पडून गेलं, आणि निवडणुकीच्या हंगामात पुन्हा माफीचं बोलणं सुरू झालं. आम्ही भरलं नाही. वेळेवर फेडलं असतं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शेवटी शून्य पडतं. थकलं म्हणून दोन वर्षांत १७,००० व्याज चढलं.

थकीत म्हणून २०२४ च्या खरिपाला नवं कर्ज मिळालं नाही. मग शेकडा तीनानं ५०,००० काढले, जून ते फेब्रुवारी, नऊ महिने, १३,५०० व्याज. आणि आणखी एक, जे वहीत लिहीपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं: आम्ही कापूस सीसीआयला, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला, दिला नाही. तिथला चुकारा आधारला जोडलेल्या बँक खात्यात येतो आणि बँक तो कर्जात अडकवेल याची यांना धास्ती. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ असताना सोळा क्विंटल कापूस खासगीत सात हजारानं रोख विकला. ओल आणि प्रत पाहून सीसीआयचा भाव थोडा कापला गेला असता असं धरलं तरी क्विंटलमागे चारशे गेले, म्हणजे ६,४००. तिन्हींची बेरीज ३६,९००. साडेपाच एकरांत सगळा खर्च वजा जाता साल चांगलं असलं तर आमच्या हाती लाखाच्या आसपास राहतात. त्यातला तिसरा हिस्सा निव्वळ वाट पाहण्यात गेला.

मागच्या मे महिन्यात १,०७,००० भरून खातं नीट केलं. गोऱ्ह्यांची जोडी ४२,००० ला गेली, गटातून ३०,००० घेतले, बाकीचे तुरीचे. ज्या दिवशी भरलं त्या दिवशी पानठेल्यावर यांना चार लोकांनी वेडं ठरवलं. "माफी येऊन राह्यली न तुमी भरून राह्यले?" यंदा पुन्हा तीच चर्चा आहे. उद्या खरंच माफी झाली तर आम्ही वेडेच ठरू, आणि तेव्हा मला वाईट वाटणार नाही असं खोटं मी लिहिणार नाही. पण जूनमध्ये बँकेनं ८०,००० चं नवं कर्ज दिलं, बियाणं, खत, औषध सगळं रोखीनं आणलं आणि यंदा सावकाराचं दार पाहिलं नाही.

वहीत नंतर महिन्यांची बारा पानं घातली. इथे दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे आहेर. एप्रिल-मे मिळून अकरा लग्नं. पाकीट, लुगडं, काळी-पिवळीचं भाडं धरून ९,४०० रुपये. प्रत्येक वेळी पाचशेच जातात असं वाटतं. कमी कसे करावेत हे मला अजून सुचलेलं नाही. आपल्या लेकीच्या लग्नात त्यांनीही यावं असं वाटतंच. पण एप्रिलच्या पानावर ते आधीच मांडून ठेवले की मे महिन्यात तोंड लपवायची पाळी येत नाही. दुसरी गोष्ट खर्रा. रोजचे तीस, वर्षाचे १०,९५०. सोयाबीनच्या भावानं अडीच क्विंटल. हा आकडा मी एकदाच मोठ्यानं वाचला. त्यानंतर ते पान लिहायला मनाई आहे.

यंदाचा कापूस सीसीआयला दिला. कपास किसान ॲपवर नोंदणी पोरानं केली, हिंगणघाटच्या आयटीआयत आहे तो. ओल बाराच्या आत यावी म्हणून चार दिवस कापूस उन्हात पसरला. १ लाख १० हजाराच्या वर चुकारा खात्यात आला आणि त्याच आठवड्यात पीककर्जाचे ८०,००० भरून टाकले. बँकेतल्या साहेबांनीच सांगितलं, बाई, ३१ मार्चपर्यंत वेळ आहे, वेळेवर फेडणाऱ्याला व्याज नाही, तोवर पैसे वापरा. हिशेबानं ते बरोबर आहेत. पण फेब्रुवारी-मार्चात खात्यात ऐंशी हजार दिसले की भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, मागतात, ट्रॅक्टरवाला मागतो, आपल्यालाही घराचा ओटा बांधावासा वाटतो. मी माझा हात ओळखते.

उरलेल्यातून गटाचं कर्ज उतरवलं. घरखर्चाचे पैसे माझ्या खात्यात टाकले आणि दर महिन्याच्या पाच तारखेला सहा हजार काढते. म्हणजे पाहा, तुमच्या लेखकाची पाच तारीख आमच्याही घरी आली. फक्त पगार देणारी मी आणि घेणारीही मीच. दहा हजार पोस्टाच्या खात्यात वेगळे ठेवले आहेत. दवाखान्यासाठी, पण दवाखाना म्हणून कोणाला सांगितलेलं नाही.

योजना निवडताना आमच्यासारख्यांनी पाहायची गोष्ट म्हणजे ती पैसे दर महिन्याला मागते की वर्षातून कधीही घेते. पोस्टाची आरडी मी दोनदा काढली आणि दोन्हींचा सत्यानाश केला. ऑगस्ट-सप्टेंबरात हप्ता चुकतो, चार हप्ते चुकले की खातं बंद. सुकन्या समृद्धीत तसं नाही. वर्षाला किमान २५० टाकले की खातं जिवंत, वरचे दीड लाखापर्यंत कधीही आणि कितीही वेळा टाका. सध्या व्याज ८.२ टक्के आहे. पोरीला दहा वर्षं पूर्ण व्हायला चार महिने असताना मी ते उघडलं, थोडक्यात वाचले, कारण दहानंतर उघडत नाहीत. चुकारा आला की तीन हजार, बाकी वर्षभर काही नाही. पीपीएफही तसंच, वर्षाला किमान ५००. अटल पेन्शनचे हप्ते सहामाही भरता येतात, म्हणजे ती आपल्या पिकाच्या चालीची आहे. पण वयाची अट १८ ते ४०. मला कळलं तेव्हा मी बेचाळीसची होते. अठराव्या वर्षी धरली तर साठीनंतरच्या पाच हजारांसाठी महिन्याला २१० पडतात, चाळिशीत धरली तर १,४५४. पोराच्या मागे लागले आहे.

एसआयपीला माझं वाकडं नाही. पोरगा कामाला लागला की त्यानं खुशाल करावी. पण ज्याच्या डोक्यावर शेकडा तीनचं देणं आहे त्यानं ते आधी फेडलं तर वर्षाचे छत्तीस टक्के वाचतात, एवढं देणारा फंड कोणता ते तुमच्या लेखकानंच सांगावं.

आता जे लिहायला हात जड होतो ते. आमच्या गल्लीतला एक ३८ वर्षांचा माणूस २०२४ च्या सप्टेंबरात सोयाबीनमध्ये साप चावून गेला. त्याच्या खात्याला दोन सरकारी विमे जोडलेले होते. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांचा, अपघाताला दोन लाख. जीवनज्योती ४३६ रुपयांचा, कोणत्याही मृत्यूला दोन लाख. दोन्हींचे पैसे मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कापतात. मेच्या शेवटी त्याच्या खात्यात १८० रुपये होते. वीस कापले गेले, चारशे छत्तीस नाही. सापाचा चावा अपघातात धरतात म्हणून त्याच्या बायकोला दोन लाख मिळाले, दुसरे दोन लाख गेले. मेचा शेवट म्हणजे कास्तकाराचं खातं वर्षात सगळ्यात रिकामं असायची वेळ. तूर संपलेली, लग्नं झालेली, बियाण्याला पैसे हवेत. ही तारीख ज्यांनी ठरवली त्यांचा पगार एक तारखेला होत असावा. मी आता माझ्या आणि यांच्या नावाचे ९१२ रुपये जानेवारीतच वेगळे काढते आणि २० मेला खात्यात टाकते. गटाच्या बैठकीत बाराही जणींच्या पासबुकावर ती कापल्याची ओळ पाहिल्याशिवाय जूनची बैठक उठत नाही.

त्याचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर होता. गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत शेतकऱ्याच्या घराला दोन लाख असतात, पण कागद जुळवता जुळवता त्या बाईचं दीड वर्ष गेलं. वारसाची नोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. आमच्या मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, आम्हीही सात महिन्यांनी दिली होती.

मामाजींचा विषय निघालाच आहे तर. रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेल्या जमिनीचे १,२०,००० त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले होते. बँक सात देत होती, ही साडेबारा. काचेचं दार, आत पंखा, चहा. दोन वर्षांनी दाराला कुलूप आणि बाहेर बोर्ड तेवढा राहिला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेलाही. पतसंस्थेला ते नसतं. हे मला मामाजी गेल्यावर कळलं. ते असेपर्यंत रोज सकाळी पावती काढून पाहायचे आणि परत गांधीटोपीच्या डब्यात ठेवायचे.

तर आपल्याला विनंती अशी, की पुरवणीत महिन्यातून एकदा कास्तकाराच्या महिन्याप्रमाणे एक चौकट छापा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात: पीककर्जाचा भरणा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात: खात्यात ४५६ रुपये आहेत का पाहा. जुलैच्या सुरुवातीला: पीकविमा. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आता सोयाबीनला विमा रकमेच्या दोन आणि कापसाला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो, हे आमच्याकडे कित्येकांना जुलैच्या शेवटच्या दिवशी सेतू केंद्राच्या रांगेत कळलं. डिसेंबरात: चुकारा आला, आधी काय फेडायचं. चौकट लहान असली तरी चालेल, अक्षर मोठं ठेवा. सासूबाईंना चष्मा लागत नाही असं त्यांचं म्हणणं आहे.

पत्राखाली नाव छापू नये. आमच्या देण्याचे आकडे गावाला माहीतच आहेत. पोस्टातले दहा हजार भासऱ्यांना माहीत नाहीत.

आपली,
एक वाचक
ता. समुद्रपूर, जि. वर्धा